वेशीबाहेरची फौज

"पहारेकरी आत नसतो," एकनाथ म्हणाले.

उत्तराचा ब्रश थांबला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं शिशाचे बोटभर सैनिक रंगवायला मांडले होते. शेजारी पुठ्ठ्याचा किल्ला. उद्या शेजारच्या वूस्टरमधल्या खेळांच्या दुकानात स्पर्धा होती आणि तिथला नियम असा, की लढाईआधी प्रत्येकानं आपल्या फौजेचा इतिहास वाचून दाखवायचा. देश खोटा चालेल, राजा खोटा चालेल, पण इतिहास पटला पाहिजे. त्याचे मार्क वेगळे. उत्तराच्या फौजेत ड्रॅगन होता, हाडांचे घोडेस्वार होते. इतिहास तेवढा नव्हता.

"बट आजोबा, गार्ड्स आतच असतात ना? वेशीच्या आत?"

"आत घेतच नाहीत त्याला. दिवस मावळला की वेस बंद, तो बाहेर. चोर आला, वाघ आला, तर पहिला त्याच्या अंगावर. हातात काठी, काठीला घुंगरू."

"घुंगरू का? एनिमीला कळावं म्हणून?"

"ज्यांची राखण करतो त्यांना कळावं म्हणून. तो आला की बाजूला व्हायला."

"मग तो खातो काय?"

"संध्याकाळी दारोदार हाळी द्यायची. उरलंसुरलं वरून टाकतात. हाताला हात लागू देत नाहीत."

"दॅट इज सो डार्क," उत्तरा खूश होऊन म्हणाली. "तुम्ही हे आत्ता मेक अप केलंत?"

एकनाथांनी तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलाची हाक आली. "आबा, जरा इकडे येता?"

चंद्रशेखर नुकताच हॉस्पिटलमधून आला होता. टायही सोडला नव्हता. सून सरला कढईपाशी पुऱ्या तळत होती. तिनं मान वर केली नाही.

"हे कशाला सांगताय तिला?" चंद्रशेखर हळू आवाजात म्हणाला.

"तिनं विचारलं."

"राजाराम आणि मीनाक्षी आत्ता जेवायला येतील. इथं सगळे आपल्याला किल्लेदारांचं घराणं म्हणून ओळखतात. उत्तरालाही तेच सांगितलंय."

"किल्लेदार," एकनाथ म्हणाले. "माझा बाप वेसकर होता, शेखर. त्याच्या काठीचे घुंगरू तूही ऐकलेस."

"ऐकलेत. म्हणून तर." चंद्रशेखरनं दाराकडे पाहिलं. "आबा, या श्रूजबरीत मराठी घरं किती? कोणी तोंडावर काही बोलणार नाही. फक्त दिवाळीचं बोलावणं यायचं बंद होईल. उत्तरा घरी एकटी बसलेली चालेल तुम्हाला?"

सरलानं कढईतली पुरी उलटली. एकनाथ टेबलाकडे परतले. नातीनं सगळं खरं ऐकलं होतं. ते कुणाचं, एवढंच सांगायचं उरलं होतं.

पाहुणे आले. बुटांवरचं बर्फ झटकलं, राजारामनं व्हीसीआरवर लावायला आणलेली कॅसेट टीव्हीवर ठेवली. पानं मांडून होईपर्यंत उत्तरानं इतिहास वाचला. इंग्रजीत, पण मधूनच 'घुंगरू' म्हणे. एकेका सैनिकाच्या काठीला तिनं पितळी तारेचा बारीक मणी चिकटवला होता. तो ती उजेडात धरून दाखवी.

"काय इमॅजिनेशन आहे गं," मीनाक्षी म्हणाली. "अमेरिकेत वाढलेल्या मुलांनाच असलं सुचतं बाई."

"गोष्ट झकास," राजाराम म्हणाला. "पण बेटा, एक गडबड आहे. ज्यांना बाहेर झोपवलं, ते शत्रू आल्यावर त्याला वेस उघडून का देत नाहीत? मी जज असतो तर मार्क कापले असते. यार शेखर, तुम्ही किल्लेदार ना? सांग की."

चंद्रशेखर नुसता हसला. उत्तरा आजोबांकडे वळली. "व्हाय डोन्ट दे, आजोबा?"

"कडी आतून असते," एकनाथ म्हणाले.

राजारामनं मांडीवर थाप मारली. "वा! आबा, उद्या तुम्हीच उतरा स्पर्धेत." मीनाक्षीही हसली. चंद्रशेखरचे खांदे जरा सैल झाले आणि तो पुऱ्यांचं ताट घेऊन वाढायला आला.

"आता फक्त नाव राहिलं," उत्तरा पेन्सिल चावत म्हणाली. "या लोकांना काय म्हणायचं? आजोबा, नाव काय देऊ?"

चंद्रशेखर होता तिथंच थांबला. वडिलांकडे न पाहता हातातल्या पुरीकडे पाहत राहिला.

नाव एकनाथांच्या जिभेवर होतं. गावात कुणी त्यांना एकनाथ म्हणून हाक मारलीच नव्हती, त्याच नावानं मारली होती. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती लिहायला टेकली होती. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं, बराच वेळ.

"नाव बाहेरचे ठेवत नाहीत, पोरी," ते म्हणाले. "आतले ठेवतात. बापाला विचार तुझ्या."

"डॅड? काय लिहू?"

"त्यांना नाव कशाला हवं?" चंद्रशेखर म्हणाला, आणि त्यानं राजारामच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.