वर्षभरात कोणीही पडलं नाही

"आई, ऊठ की. फोटो काढायचाय."

आई उठली नाही. तिच्या मागच्या फळ्यावर खडूने भलंमोठं शून्य काढलं होतं आणि त्याच्याभोवती फुगे बांधले होते. वृद्धाश्रमाच्या या मजल्यावर वर्षभरात एकही जण पडला नव्हता. त्याचाच हा सोहळा. केक कापून झाला होता, भाषणं झाली होती आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिच्या मुलाला मिळाल्या होत्या. संस्थांमधलं काम कसं मोजावं आणि काम करणाऱ्यांवर वचक कसा ठेवावा, या विषयात त्याने डॉक्टरेट केली होती आणि तोच विषय तो कॉलेजात शिकवायचा. "माझा मुलगा डॉक्टर आहे, पण त्याच्याकडे गोळी मागू नका," असं आई सगळ्यांना सांगायची.

इथली मोजमापाची पद्धत त्यानेच बसवून दिली होती. म्हातारपणी पडणं वाईट, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून त्याने पडणं मोजायला लावलं. ज्या मजल्यावर कोणी पडेल, त्या मजल्यावरच्या सगळ्यांची पगारवाढ थांबायची. आकडे भराभर खाली आले. शून्यावर येऊन टेकले, तेव्हा त्याने मोठ्या विश्वासाने आपल्या आईलाच इथे आणून ठेवलं.

आई कंडक्टर होती. आयुष्यभर चालत्या बसमध्ये उभी राहिलेली बाई. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की भले भले एकमेकांच्या अंगावर जायचे, आणि ही कशालाही हात न लावता तिकीट फाडत राहायची. इथे आली तेव्हा स्वतःची बॅग स्वतः उचलून जिना चढली होती.

दर रविवारी मुलगा भेटायला यायचा. ती दाराजवळच्या खोलगट खुर्चीत बसलेली असायची. केस नीट विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, समोर खुर्चीलाच जोडलेला जेवणाचा ट्रे. "मला जरा फिरवून आण रे," ती म्हणायची. "आराम कर की गं आता," तो म्हणायचा आणि घड्याळ बघायचा. इतका शिकलेला माणूस, पण समोरची खुर्ची त्याला दिसली नाही.

"ऊठ ना," तो पुन्हा म्हणाला आणि तिच्यासमोरचा ट्रे बाजूला करायला गेला. ट्रे हलेना. त्याने वाकून पाहिलं. मागच्या बाजूने खिट्टी लावलेली होती, बसलेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशा जागी. त्याने मान वर केली. हॉलभर तशाच खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीला तशीच खिट्टी होती. कागदी टोप्या घातलेली म्हातारी माणसं त्या खुर्च्यांत रुतून मुकाट केक खात होती.

त्याचं डोकं सणकलं. त्याने मजल्याच्या प्रमुख बाईंना बोलावलं. त्यांना सगळे मोठ्या ताई म्हणत.

"हे काय आहे? माझ्या आईला चालता येतं."

"येत होतं," मोठ्या ताई म्हणाल्या.

मग तो भडकला. माणसं सांभाळता की गुरं बांधता, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. एकेकीला घरी बसवतो म्हणाला. फुग्यांपाशी उभ्या असलेल्या परिचारिका माना खाली घालून ऐकत राहिल्या. मोठ्या ताईंनी मात्र मान खाली घातली नाही.

"सर, आधी आम्ही सगळ्यांना फिरवायचो. हात धरून, पार बागेपर्यंत. फिरवलं की कोणीतरी धडपडायचंच. धडपडलं की पगारवाढ थांबल्याचं तुमचं पत्र यायचं. किती जणांना फिरवलं, ते कधी विचारलं नाहीत. एवढ्या मजल्याला आम्ही मोजून पाच जणी. आम्हालाही घरदार आहे, सर. कोणी पडायला नको असेल तर कोणाला उठूच द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात उरलं."

"मी असं करायला कधीच सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नाहीत. मोजलंत मात्र तेवढंच."

जे मोजाल तेवढंच लोक करतील, हे वाक्य तो दरवर्षी वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचा. मुलं ते उतरवून घ्यायची.

त्याने खिट्टीला हात घातला, पण ती कशी निघते ते त्याला कळेना. शेवटी मोठ्या ताईंनीच ती काढली. "आज नको, आजी," त्या हळूच म्हणाल्या. "पायांत जोर राहिला नाही तुमच्या. उद्यापासून थोडं थोडं करू."

"सरका, वाट द्या," आई म्हणाली.

तिने खुर्चीच्या हातांवर भार टाकला. दोनदा मागे बसली, तिसऱ्यांदा उभी राहिली. मुलाने आधाराला हात पुढे केला, तो तिने झटकला. उभं राहताना काही धरायची तिला सवयच नव्हती. मग बसमधली घंटीची दोरी ओढावी तसा तिने एक हात वर नेला.

"टिंग टिंग," ती म्हणाली आणि निघाली.

पहिलं पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला गुडघे मुडपले. मुलगा धावला, पण तोवर ती जमिनीवर होती. हॉलमधले चमचे थांबले. तिचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. मुलगा तिच्याजवळ बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मोठ्या ताईंनी तिचे पाय चाचपून पाहिले आणि मग, इतक्या दिवसांच्या धाकाने, त्यांची नजर फळ्याकडे गेली.

आईनेही मान वळवून ते फुग्यांमधलं शून्य पाहिलं.

"पुसा ते, ताई. एक लिहा," ती म्हणाली. "पण माझ्या नावावर नको. मी चालत्या गाडीत कधी पडले नाही. हे याच्या नावावर लिहा."