खिडक्यांचे उतरते कट्टे

"चूक त्याची, ज्यानं ते बॉयलरघर बांधलं. माझ्या पोराच्या गळ्यात घालू नका," केझाया हॅस्लम म्हणाली आणि कुणी बस म्हणायच्या आत साक्षीदाराच्या खुर्चीत बसली.

चौकशी गुत्त्याच्या माडीवर भरली होती. खाली तबेल्यात, गिरणीचा बॉयलर फुटला तेव्हा मेलेल्या सेथ टाँजचं प्रेत ठेवलं होतं. बारा पंच ते पाहून वर आले होते. केझायाचा मुलगा इनक गिरणीच्या बॉयलरवर आगवाला होता. दोन्ही हातांना फडकी गुंडाळून तो शिपायांच्या मध्ये बसला होता. त्यानं सकाळीच कबूल केलं होतं की झडपेवर जादा वजन आपणच टांगलं. पंचांनी ते मानलं की तुरुंग ठरलेला.

केझायाला त्याचा संताप आला होता. न केलेलं कबूल करायला हा काय खुळा झाला?

तिच्या आधी बॉयलरचा तपासनीस थ्रेलफॉल बोलून गेला होता. टेबलावर एक पिळवटलेलं लोखंड पडलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यानं समजावलं होतं की, बॉयलरच्या माथ्यावर झडपेची ही दांडी आडवी असते, टोकाला मोजून दिलेला गोळा. वाफ फार झाली की दांडी उचलली जाते आणि वाफ सुटते. गोळ्याशेजारी आणखी काही टांगलं, तर दांडी उचलली जात नाही आणि बॉयलर फुटतो.

केझायाला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले होते. मागावरच्या साऱ्या बायकांसारखी ती ओठ वाचायची, आणि थ्रेलफॉलच्या तोंडावर दाढीमिशांचं रान माजलं होतं. "आधी तोंड मोकळं कर म्हणावं, मग बोल," ती शेजारणीला म्हणाली होती.

चौकशीचे साहेब मात्र गुळगुळीत दाढी केलेले होते. "बोला, बाई," ते म्हणाले.

"रोज दुपारी मी पोराचं जेवण घेऊन तिथं जाते, साहेब. मालकाला बॉयलरघर नको होतं, चर्च हवं होतं. उंच कमानी, दोन रंगांच्या विटा, वर दगडी घुमट. इतर गिरण्यांत बॉयलरवर हलकं छप्पर असतं. फुटलाच तर वाफ वर निघून जाते. इथं दगड खाली आला. सेथ कशानं मेला, तुम्ही आत्ता बघून आलात."

पंचांत एक गवंडी होता. त्यानं मान डोलावली. मग शेजारच्यानंही. केझायाला ते दिसलं आणि ती आणखी ताठ झाली.

"पुढची अक्कल ऐका. कामगारांनी डबे ठेवू नयेत म्हणून खिडक्यांचे कट्टे उतरते. बॉयलरची पाठ विटांनी गोल करून टाकलेली. बाईमाणसानं भांडं टेकवावं कुठं, मालकाच्या डोक्यावर?"

माडीवर थोडं हसू पसरलं. इनक हसला नाही. मागावर बोलतात तसे त्याचे ओठ आवाज न करता हलले. आई, बस झालं. ऊठ तिथनं.

तू गप्प रहा, तिचे ओठ म्हणाले.

"त्या दुपारी इनक आत होता?" साहेबांनी विचारलं.

"नव्हता. बाहेर कोळशाची गाडी उतरवून घेत होता. मी आले तेव्हा नव्हता, गेले तेव्हाही नव्हता. गाडीवाल्याला विचारा. आत नव्हता तो वजन कसं टांगेल? हे लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. पंच एकमेकांकडे पाहू लागले. इनकनं फडक्यातले हात तोंडावर दाबून धरले.

"मग जेवण कुणाच्या हाती दिलंत?"

"कुणाच्या नाही. गार जेवण घालणारी आई नाही मी, साहेब. पायऱ्या चढून बॉयलरच्या माथ्यावर गेले, तिथं ऊब असते. तिथं एक आडवी दांडी होती, टोकाला गोळा लोंबणारी. तिलाच अडकवलं. बिडाचं भांडं, काठोकाठ भरलेलं, पण दांडी जराही हलली नाही."