अलगद उतरलेली विमानं

हात थरथरू लागला, तेव्हा कंपनीने मला वैमानिकाच्या खुर्चीतून उठवलं. मुलीने घरीच सिम्युलेटर बसवून दिला: पडदा, पेडल, जॉयस्टिक, सगळं. रोज मी विमान अलगद उतरवायचो. मागे उभी राहून ती टाळ्या वाजवायची. आज अपडेट आलं आणि विमान धावपट्टीवर आपटलं, एकदा नव्हे, चारदा. दुरुस्तीवाल्याला बोलावून म्हटलं, “जॉयस्टिक बिघडलीय, बदला.” त्याने सेटिंग्ज तपासल्या. “काका, जॉयस्टिक ठणठणीत आहे. उतरताना ती आजवर बंदच असायची. कुणीतरी विमान आपोआप उतरवणारं ॲड-ऑन टाकलं होतं, ते अपडेटमध्ये उडालं.” पासवर्ड फक्त मुलीकडे होता. ती दारात मान खाली घालून उभी. “बाबा, तुमचं मन मोडू नये म्हणून…” कंपनीने निदान तोंडावर सांगितलं होतं. मी वायर उपटून जॉयस्टिक तिच्या हातात ठेवली. “मग टाळ्या कुणासाठी वाजवत होतीस?”