आधी तिच्या जिभेवर

लाळ तपासायच्या पट्टीवर चार रेघा उमटायला हव्या होत्या. तीनच उमटल्या. कंपनीच्या डॉक्टरांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिली आणि उठून दार लोटून घेतलं. बाहेर रांगेत एका फिटरचं चाललंच होतं, की पन्नाशी आली तरी कंपनी सकाळी सकाळी लॉलीपॉप चोखायला लावते, तेही बिनसाखरेचं. रांग हसली. आत क्रेन चालवणारी ती मांडीवर हेल्मेट धरून बसली होती.

"ज्याची रेघ उमटत नाही, ते लाळेत आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमची अफूची रेघ गेली आहे. काय घेता?"

तिने काही लपवलं नाही. वडिलांना हाडांचा कॅन्सर होता. दुखण्यावर सकाळ-संध्याकाळ अफूपासून केलेल्या औषधाचे थेंब द्यावे लागत. अलीकडे त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, जो तो आपल्याला विष घालायला टपलाय असं वाटायचं. म्हणून ती आधी एक थेंब त्यांच्यासमोर स्वतःच्या जिभेवर घ्यायची. मग ते तोंड उघडायचे. मुलगी ओळखायची त्यांच्यापाशी तेवढीच एक खूण उरली होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तुमच्यावर विश्वास आहे, म्हणाले, पण वीस-वीस टन लोखंड माणसांच्या डोक्यावरून नेणाऱ्या क्रेनवर हे चालत नाही, थेंब असो की बाटली. आजचा दिवस स्टोअरमध्ये बसा. उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी पुन्हा तपासू. चारही रेघा आल्या तर आजचा कागद मी फाडून टाकतो. नाही आल्या, तर मग माझ्या हातात काही राहत नाही.

"दोन डोसचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "आज संध्याकाळचा आणि उद्या सकाळचा. तेवढे सांभाळा."

तिने मान हलवली. नोकरी गेली की कंपनीचं मेडिकल कार्ड जाणार होतं, आणि ती बाटली त्या कार्डावरच मिळत होती.

दुपारी फिटर हातमोजे न्यायला स्टोअरच्या खिडकीशी आला. तोवर सगळ्या कारखान्यात बातमी झाली होती.

"काय ताई, एकटीच एकटीच?" तो खाली वाकून म्हणाला. "आम्हालाही आणा की थोडं."

तिने हातमोजे काढून दिले आणि त्याची सही घेतली.

घरी पोचली तेव्हा शेजारच्या काकू वाटच बघत होत्या. चार वाजल्यापासून विव्हळणं चालू आहे, मला जवळ येऊ देत नाहीत, एवढं सांगून त्या चपला शोधायला लागल्या. तिने हात धुतले, दुसऱ्या एका ड्रॉपरमध्ये नळाचं पाणी भरलं आणि तो बाटलीला टेकवून आतल्या खोलीत नेला.

"बघा बाबा." तिने जिभेवर थेंब सोडला, तोंड वाकडं केलं, गिळला. "घेतलं मी."

ते बघत राहिले. तीस वर्षं ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. पाळी सुटताना डबा उघडून दाखवल्याशिवाय त्यांनी कुणालाही सोडलं नव्हतं.

"आ कर," ते म्हणाले.

तिने आ केला. त्यांनी कोपरावर उठून तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. त्या औषधाला उग्र वास होता, तो तिच्या तोंडाला येत नव्हता. ते मागे सरकले आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

मग तिने सांगून पाहिलं. क्रेन, पट्टी, कार्ड, उद्याची सकाळ, सगळं लहान मुलाला सांगावं तसं. मध्येच कळ आली की त्यांचे गुडघे पोटाशी जात आणि हात पलंगाची दांडी धरत. पण तोंड उघडत नव्हतं. एकदा तिने खरा ड्रॉपर स्वतःच्या ओठांपर्यंत नेला. बोटभर अंतरावर काही वेळ धरला आणि खाली घेतला.

सात वाजून गेले. त्यांचा आवाज आता मोठा राहिला नव्हता, पण थांबतही नव्हता.

तिने एक गुडघा पलंगावर टेकवला. कोपराने त्यांचं कपाळ उशीवर दाबलं आणि चिमटीत नाक धरलं. त्यांनी थोडी धडपड केली. पण अंगात काहीच उरलं नव्हतं, चादर सरळ करताना लागतो एवढासुद्धा जोर लागला नाही. श्वासासाठी तोंड उघडलं तेव्हा तिने मोजून थेंब आत सोडले आणि तळहाताने जबडा मिटून धरला. गळ्याची घाटी वरखाली होईपर्यंत धरून ठेवला.

हात काढला तेव्हा ते ओरडले नाहीत. उशीवर डोकं नीट ठेवून त्यांनी आपणहून तोंड उघडलं. जीभ उचलून दाखवली, मग एक गाल, मग दुसरा. झडती घेणाऱ्याला दाखवावं तसं.

"घेतलं, बाई," ते अगदी अदबीने म्हणाले. "आता माझ्या मुलीला आत सोडा."