दुसरा रुपया

एका छापाचं एकच नाणं जमवायचं, हा लातूरच्या व्यंकटी मास्तरांचा नेम. फुकट दिलं तरी दुसरं घेत नसत. चार वह्या भरल्या, पण निजामाच्या काळातल्या चारमिनार छापाच्या चांदीच्या रुपयाचा कप्पा तेवढा रिकामा होता. तो रुपया रेणापूरच्या चांगुणाबाईकडं होता.

"न्हाई देणार मास्तर," ती दरवेळी म्हणायची. "मी मेल्यावर माझ्या कपाळाला लावायचा हाय त्यो."

म्हातारी वारली, तेव्हा लेकानं तिच्या मनासारखं केलं. मास्तर राख सावडायला आवर्जून गेले, अन् सगळ्यांची नजर चुकवून काळा पडलेला रुपया खिशात घालून आले. चिंचेनं घासून कप्प्यात बसवला, तेव्हा कुठं त्यांचा जीव थंडावला.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून आले, तर बायकोनं त्यांच्या हातावर तसलाच रुपया ठेवला. चांगला गरम होता.

"रेणापूरची एक म्हातारी देऊन गेली."

"एक हाय की माझ्याकडं! दुसरा कशाला घेतलास?"

"मी बी तेच म्हणले. तर म्हणती कशी, त्यो माझ्या कपाळाचा हाय. ह्यो मास्तरच्या."