कधी येतोस?

कॉलिंग कार्ड संपता संपता निमिषच्या आईने नाशिकहून नेहमीचं विचारलंच, "कधी येतोस रे?" डिसेंबरात, असं सांगून त्याने फोन रूममेट सेकूला दिला. पेनसिल्व्हेनियातल्या त्या अपार्टमेंटमध्ये फोन एकच होता. सेकूही आपल्या आईशी बोलला, पण थोडंच.

"भाऊ सुटला?"

सेकूने नकारार्थी मान हलवली. पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच्या गावी पोलीस चोरीच्या संशयावरून थोरल्या भावाला धरायला आले होते. तो घरी नव्हता, म्हणून धाकट्याला घेऊन गेले.

"पण यार, थोरला हजर झाला तर धाकट्याला सोडतील ना?"

"झाला की हजर. आता दोघंही आत आहेत."

"आणि केस?"

"खरा चोर फौजदाराचा मेहुणा आहे. केस कोर्टात जातच नाही."

निमिष म्हणाला, "मग डिसेंबरात तूही जाऊन ये. धावपळ करायला घरचं कोणीतरी हवं."

"आई नको म्हणते. तिकडे जेलमध्ये जेवण घरून न्यावं लागतं. म्हणाली, दोन डबे कसेबसे नेते, तिसरा माझ्याच्याने उचलवणार नाही."