मधली खुर्ची

मधली खुर्ची लुंगेलोची. कंपनीचा गोरा मालक बोथमा याने ती स्वतः ओढून दिली.

"बसा, संचालकसाहेब," तो मोठ्याने म्हणाला. मग वाकून पुटपुटला, "हसायचं, हात मिळवायचा. पुढचं वाक्य तुला पाठच आहे."

पाठ होतंच. 'बाकीचं बोथमा सांगतील.' संचालक झाल्यापासून लुंगेलो प्रत्येक बैठकीत तेवढंच बोलत आला होता. कंपनी लिफ्ट विकायची. वरच्या जागी काळा माणूस दाखवल्याशिवाय डर्बनमध्ये मोठी कामं मिळेनात, म्हणून इतकी वर्षं दारोदार हिंडून लिफ्ट विकणाऱ्या लुंगेलोला एका सोमवारी संचालक केलं. गाडी दिली. गिऱ्हाइकं काढून घेतली.

"आज काय बोललात?" बायको थोबेका रोज संध्याकाळी विचारायची. तो काहीबाही रचून सांगायचा. ती खूश व्हायची. मार्चमध्ये ती वारली. आता विचारणारं कुणी नव्हतं. खोटं बोलायचीही सोय उरली नव्हती.

आज मात्र त्याने ठरवलं होतं. एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम होतं, ते आपणच मांडायचं. संचालकपद गेलं तर गेलं. आठवडाभर तो स्वयंपाकघरात तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहून बोलून बघत होता.

दार उघडलं. हॉस्पिटलची माणसं आत आली. पार्कर नावाचा गोरा गृहस्थ कडेला बसला. समोरच्या मधल्या खुर्चीत बसले खरेदीप्रमुख झोंडी. लुंगेलोच्याच वयाचे, त्याच्याच रंगाचे. त्याचा जीव भांड्यात पडला. ऐकणारा तरी आपला माणूस होता.

तो उठला. बोथमाने टेबलाखालून त्याचा कोट ओढला. तो थांबला नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर कसं मावेल, वीज गेली तर आतल्या पेशंटचं काय, सगळं बोलला. बोथमाचे कान लाल झाले. शेवटी लुंगेलो झोंडींकडे वळला आणि झुलू भाषेत म्हणाला, "भाऊ, आता तुम्हीच सांगा. काम आम्हाला द्याल?"

झोंडी हसले. उभे राहिले. त्यांनी हात मिळवला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग नजर खाली वळवून झुलूतच हळू म्हणाले,

"बाकीचं पार्कर सांगतील."